जपानी चित्रकलेंतील मल्ल

आजचा माझा विषय डोळ्यांनीं पाहण्याचा आहे, आणि नभोवाणीला डोळे नाहींत. तिचा सारा व्यवहार कानांशीं. चित्रांसंबंधीं बोलावयाचें आणि चित्र मात्र समोर धरतां यावयाचें नाहीं, ही अडचण मोठीच. तथापि भिंतीवर नकाशा नसतांना भूगोल शिकविण्याची संवय ज्यांस जन्मभर असते, त्यांस असल्या अडचणीचें फारसें भय वाटत नाहीं. शब्दांनीं जेवढें दाखवितां येईल तेवढें मी दाखवितों. उरलेलें आपल्या कल्पनेवर सोपवितों.

जपानांतील सूमो नांवाची कुस्ती आपणांपैकीं पुष्कळांनीं छायाचित्रांत तरी पाहिली असेल. दोन अतिस्थूल पुरुष, कमरेभोंवतीं जाड पट्टा, डोक्यावर तेल चोपडून बांधलेला बुचडा, आणि समोरासमोर बसून एकमेकांवर रोखलेली नजर. असें छायाचित्र घरांत कोणाच्या हातीं पडलें, कीं पहिली गोष्ट जी घडते ती म्हणजे हंसूं. मुलें हंसतात आणि वडील माणसेंही हंसतात. हें हंसणें आज थोडेंसें तपासून पाहावें, अशी माझी इच्छा आहे. कारण ज्या देहाला पाहून आपण हंसतों, त्याच देहाचीं चित्रें जपानांतील नामांकित चित्रकारांनीं शतकाहून अधिक काळ मोठ्या गांभीर्यानें काढलीं, आणि तेथील सामान्य गृहस्थांनीं तीं पदरचे पैसे देऊन घरीं नेलीं. त्यांना त्या देहांत काय दिसलें असावें?

प्रथम खेळाचा नियम समजून घेतला पाहिजे. आपल्या आखाड्यांत प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली म्हणजे तो चीत झाला. सूमोंत पाठ लागण्याची वाट पाहत नाहींत. मातीच्या ओट्यावर गवताच्या पेंढ्यांनीं आंखलेलें एक वर्तुळ असतें. १९३१ पासून त्याचा व्यास सुमारें साडेचार मीटर आहे. त्या वर्तुळाबाहेर ज्याचा पाय आधीं पडेल, किंवा तळव्यांवांचून शरीराचा कोणताही भाग ज्याचा भुईला आधीं लागेल, तो हरला. पुष्कळ कुस्त्या कांहीं क्षणांतच संपतात. अशा खेळांत ज्याचा भार खालीं आहे आणि ज्याचे पाय जमिनींत रुतल्यासारखे आहेत, तोच टिकतो. म्हणून तेथील मल्लाचें पोट हें आळसाचें फळ नव्हे. सुताराला जसा रंधा, तसा त्याला तो देह. वर्षानुवर्षांच्या कष्टानें कमावलेलें तें हत्यार आहे. हें ध्यानीं आलें म्हणजे चित्रकारापुढील प्रश्नही ध्यानीं येतो. त्याला लठ्ठपणा काढावयाचा नसून वजन काढावयाचें असतें, आणि या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

आतां या परंपरेच्या मुळाशीं जाऊं. ‘निहोन शोकी’ हा जपानचा प्राचीन इतिहासग्रंथ ७२० सालीं पूर्ण झाला. त्यांत अशी कथा आहे, कीं सुइनिन नांवाच्या सम्राटाच्या काळीं ताइमा नो केहाया नांवाचा एक बलाढ्य पुरुष ‘माझ्या तोडीचा कोणी असेल तर दाखवा’ म्हणून गर्जत असे. सम्राटानें इझुमो प्रांतांतून नोमी नो सुकुने यास बोलाविलें. दोघे उभे राहिले, लाथांनीं लढले, आणि सुकुनेनें केहायाच्या बरगड्या व कंबर मोडून त्यास ठार केलें. सूमोचे मल्ल सुकुनेला आपला आद्य पुरुष मानतात. परंतु मला अधिक नवल वाटतें तें कथेच्या पुढच्या भागाचें. त्याच ग्रंथांत असेंही सांगितलें आहे, कीं राजघराण्यांतील कोणी वारलें म्हणजे सेवकांस जिवंत पुरण्याची जी क्रूर चाल होती, ती याच सुकुनेच्या सल्ल्यानें बंद झाली. माणसांऐवजीं मातीच्या आकृति करून थडग्याभोंवतीं मांडाव्या, असें त्यानें सुचविलें. या आकृतींना ‘हानिवा’ म्हणतात.

ही कथा इतिहास म्हणून खरी धरतां येत नाहीं. उत्खननांत सांपडलेल्या सर्वांत जुन्या हानिवा म्हणजे नुसत्या मातीच्या नळ्या आहेत. मनुष्याकृति त्यांत मागाहून आल्या. पण कथा म्हणून ती फार अर्थपूर्ण आहे. ज्यानें एका माणसाला हातांपायांनीं मारलें, त्याच्याच नांवावर लोकस्मृतीनें माणसें वांचविणारी मूर्तिकला जमा केली. मल्लविद्या आणि मूर्तिकला यांचा पूर्वज जपानी कथेंत असा एकच आहे. आणि योगायोग असा, कीं वाकायामा भागांतील सहाव्या शतकाच्या एका थडग्यापाशीं जीं मातीचीं माणसें सांपडलीं, त्यांत कमरपट्टा बांधलेला एक मल्लही आहे. जपानी कलेंतील मल्लाचें हें अगदीं आरंभींचें दर्शन होय.

यानंतर बौद्ध धर्माबरोबर दुसरा एक मल्ल जपानांत आला, आणि त्याचें माहेर आपल्या देशांत आहे. बौद्ध मंदिरांच्या महाद्वारांत दोन उग्र रक्षक उभे असतात. ते म्हणजे आपला वज्रधर; जपानींत त्यांस ‘कोंगो रिकिशि’ म्हणतात. सूमोच्या मल्लालाही जपानींत ‘रिकिशि’ असेंच म्हणतात, आणि दोन्ही ठिकाणीं अक्षरें तींच लिहितात. नारा येथील तोदाइजी मंदिराच्या दक्षिण महाद्वारांतील रक्षकांची जोडी १२०३ सालीं उनकेइ, काइकेइ व त्यांचे सहकारी यांनीं सुमारें सत्तर दिवसांत घडविली. प्रत्येक मूर्ति आठ मीटरांहून उंच आहे. लांकडांत कोरलेल्या त्या छातीवर शिरा तट्ट फुगल्या आहेत. एकाचें तोंड उघडें आणि दुसऱ्याचें मिटलेलें. उघडें तोंड ‘अ’ म्हणतें, मिटलेलें ‘हूं’ म्हणतें. हीं अक्षरें संस्कृत आहेत. बळ हें अंगांत असतें तसें पावित्र्याच्या रक्षणांतही असतें, ही भावना या मूर्तींनीं जपानी डोळ्यांत रुजविली. पुढें मल्लांचीं चित्रें पाहतांना ती आपणांस उपयोगी पडेल.

तथापि जपानी कलेला विनोदाचें वावडें नव्हतें. क्योटोच्या कोझानजी मंदिराच्या मालकीच्या कांहीं चित्रगुंडाळ्या प्रसिद्ध आहेत. त्या बाराव्या-तेराव्या शतकांतल्या. त्यांतील पहिलींत केवळ काळ्या शाईच्या रेषांनीं प्राण्यांचे मनुष्यासारखे व्यवहार रंगविले आहेत. तींत एका ससा-बेडकाची कुस्ती आहे. बेडूक सशाचा कान दांतांत धरतो, आणि पुढच्याच दृश्यांत ससा पाठीवर उताणा पडलेला असतो. भोंवतालचे बेडूक पोट धरून हंसत आहेत. येथें हंसूं आहे, पण तें दुबळ्यानें मोठ्याला पाडल्याचें हंसूं आहे. कोणाच्या देहाची त्यांत टवाळी नाहीं. हा भेद माझ्या आजच्या विषयाच्या गाभ्याशीं आहे, म्हणून तो ध्यानांत ठेवावा.

त्या काळीं राजदरबारांत दरवर्षीं मल्लांचा उत्सव होत असे; तो ११७४ नंतर बंद पडला. पुढें कित्येक शतकें योद्ध्यांच्या छावण्यांत आणि देवळांच्या अंगणांत ही विद्या जगली. सतराव्या शतकांत एदो नगरांत, म्हणजे आजच्या टोकियोंत, रस्त्यांवरच्या कुस्त्यांनीं मारामाऱ्या माजूं लागल्या, तेव्हां सरकारनें त्यांवर बंदी घातली. अखेर १६८४ सालीं देवळासाठीं निधि जमविण्याच्या निमित्तानें रीतसर कुस्त्यांना परवानगी मिळाली. १८३३ पासून या कुस्त्यांचें कायमचें ठिकाण झालें तें रयोगोकू भागांतील एको-इन हें मंदिर. १६५७ च्या भयंकर आगींत जे असंख्य लोक मेले, त्यांच्या शांतीसाठीं तें बांधलेलें. मृतांच्या स्मरणभूमीवर जिवंत बळाचा उत्सव व्हावा, यांत जपानी माणसाला विसंगति वाटली नाहीं.

आतां छापील चित्रांकडे वळूं. चेरीच्या लांकडाच्या फळ्या कोरून, प्रत्येक रंगाला निराळा ठसा वापरून, कागदावर बहुरंगी चित्रें छापण्याची कला एदोंत १७६५ च्या सुमारास पूर्णत्वास पोंचली. चित्रकार रेखाटन करी, कोरक्या फळी कोरी, छापणारा रंग चढवी आणि प्रकाशक पैसा घाली. सामान्य कारागिराला परवडेल अशी त्यांची किंमत असे. आरंभीं मल्लांचीं चित्रें होत तीं एकाच सांच्यांतलीं; देह सगळे सारखे, आणि कोण मल्ल तें नांव वाचूनच कळावयाचें. कात्सुकावा शुन्शो यानें ही रीत मोडली. त्यानें आधीं नटांच्या चित्रांत खऱ्या चेहऱ्यांचें साम्य आणलें होतें. १७८० नंतरच्या दशकांत त्यानें व त्याचे शिष्य शुन्को आणि शुन्’एइ यांनीं तेंच मल्लांच्या बाबतींत केलें. आतां नाक ज्याचें त्याचें झालें, भुंवया ज्याच्या त्याच्या झाल्या. कोणाचें पोट ओघळलेलें, कोणाचें ढोलासारखें ताठ, कोणाचे खांदे उतरते. पुढें जगप्रसिद्ध झालेला होकुसाइ हाही तरुणपणीं याच शुन्शोचा शिष्य होता, आणि त्यानेंही मल्लांचीं चित्रें काढलीं.

या चित्रांत छायाप्रकाशाची योजना जवळजवळ नसते. मोठा थोरला देह, आणि त्याभोंवतीं एक अखंड रेषा. ती मानेवरून निघते, खांद्यावर किंचित् जाड होते, पोटावरून वळते, आणि मांडीपाशीं पट्ट्याखालीं गडप होते. आंत दोनचार वळ्या, एक बेंबी, बस. कागद बहुतेक कोराच. पण त्या कोऱ्या कागदाला वजन आलेलें असतें! तें येतें मुख्यत्वेंकरून पायांमुळें. पायांचीं बोटें भुईला अशीं आवळलेलीं असतात, कीं वरचा सारा भार त्यांतून जमिनींत उतरलेला पाहणाऱ्यास जाणवतो.

शुन्शोच्या चित्रांतील दोन नांवें सांगितलींच पाहिजेत: तानिकाझे आणि ओनोगावा. तानिकाझे लागोपाठ ६३ कुस्त्या हरला नव्हता. १७८२ सालीं त्याची ती मालिका तोडली ती ओनोगावानें. त्या दिवसापासून सारें एदो दोन पक्षांत विभागलें. १७८९ सालीं दोघांस एकदमच ‘योकोझुना’ हा बहुमान मिळाला, आणि १७९१ सालीं शोगून इएनारी याच्या समोर दोघे लढले. मल्लांच्या नांवांखालीं चित्रें धडाक्यानें खपूं लागण्याचा काळ तो हाच. त्या काळीं कुस्त्या वर्षांतून दोनदां, दहा-दहा दिवस, आणि त्याही आकाश निरभ्र असेल तरच होत. स्त्रियांना तर प्रेक्षक म्हणूनही प्रवेश नसे. म्हणजे नगरांतील अर्ध्या लोकांना तानिकाझेचें दर्शन घडावयाचें तें केवळ कागदावर. घरोघरीं गेलेल्या त्या छापील पानांचें महत्त्व यावरून कळून येईल. हा तानिकाझे १७९५ सालीं तापाच्या सांथींत वारला. ज्याला मातींत लोळवितां लोळवितां भलेभले थकले, त्याला एका पडशाच्या तापानें नेलें.

आतां चित्राची दुसरी बाजू. १७९४ सालीं शाराकू नांवाचा एक विलक्षण चित्रकार एदोंत उदय पावला आणि दहा महिन्यांच्या आंत दिसेनासा झाला. तेवढ्या काळांत त्यानें दीडशेंच्या आसपास चित्रें केलीं. त्यांत तीन पानांचें एक जोडचित्र आहे. दोन्ही बाजूंच्या पानांवर त्या काळचे नामांकित मल्ल ओळीनें आहेत. मधल्या पानावर झालरदार आंगवस्त्र नेसून, हात पसरून एकटा उभा आहे दाइदोझान बुंगोरो. हा कोण? हा अवघ्या सातव्या वर्षांतला एक मुलगा आहे! उत्तरेकडील देवा प्रांतांतल्या या पोराचा देह अवाढव्य होता, म्हणून त्याला एदोंत आणलें. तो कुस्ती खेळत नसे. त्यानें आखाड्यांत प्रवेश करावयाचा, लोकांनीं डोळे भरून पाहावयाचें, एवढेंच त्याचें काम. शाराकूनें आणि इतरांनींही त्याचीं अनेक चित्रें काढलीं आणि तीं पुष्कळ खपलीं. मोठ्यांच्या रांगेंत उभ्या केलेल्या त्या बाळसेदार चेहऱ्याकडे पाहतांना मला कौतुक वाटत नाहीं. जीव कसनुसा होतो.

शिक्षकाच्या पेशांत वर्षें घालविलेल्या माणसाला हा मुलगा ओळखीचा वाटतो. प्रत्येक वर्गांत असा एक असतोच. त्याचें हजेरीपटावरील नांव वर्गाला आठवत नाहीं. भोपळा, गणपति, पिंप अशीं नांवें मात्र सर्वांच्या तोंडीं असतात. तो स्वतःही इतरांबरोबर हंसतो, कारण न हंसून सांगेल कोणाला? अशा मुलाला एकदां पटावरील नांवानें हाक मारावी आणि त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतें तें पाहावें. देहाकडे पाहून देह ज्याचा आहे त्याला विसरणें, हा दोष केवळ अठराव्या शतकांतल्या एदोचा नव्हता.

याच्या उलट उदाहरणही जपानी कलेंतच आहे. १८२७ सालीं कुमामोतोकडील ओझोरा बुझाएमोन नांवाचा एक पुरुष एदोला आला. त्याची उंची सव्वादोन मीटरांच्या घरांत होती. सारें नगर त्याला पाहण्यास लोटलें. वातानाबे काझान या विद्वान चित्रकारानें मात्र पाश्चात्त्य पद्धतीची छाया पाडणारी पेटी वापरून त्याची आकृति कागदावर उतरविली आणि त्याचें पुरुषभर उंचीचें चित्र तयार केलें. आज तें अमेरिकेंतील क्लीव्हलंडच्या संग्रहालयांत आहे. त्या चित्रांत अतिशयोक्ति नाहीं, विनोद नाहीं. एक साधा, किंचित् संकोचलेला माणूस कपडे घालून उभा आहे. कुतूहलाचें रूपांतर आदरांत करावयाचें तर आधीं माप खरें घ्यावें लागतें, हें काझाननें दाखवून दिलें.

१८५४ च्या मार्चमध्यें मल्लाच्या देहाला एकदम राजकारणाचा रंग चढला. अमेरिकेचा आरमारी सेनापति पेरी तोफांचीं जहाजें घेऊन योकोहामापाशीं आला होता. जपान सरकारनें आरमाराला तांदुळाच्या गोणी भेट दिल्या आणि त्या वाहून नेण्यास मल्ल योजिले. एकेकानें दोन-दोन गोणी सहज उचलल्या, नंतर कुस्त्याही झाल्या. पेरीच्या मोहिमेचा अधिकृत वृत्तांत १८५६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत या मल्लांचें वर्णन माजविलेल्या जनावरांच्या उपमा देऊन केलें आहे, आणि आपण नेलेली चिमुकली आगगाडी व तारायंत्र त्यांच्या शेजारीं मांडून स्वतःच्या सुधारणेबद्दल समाधान मानलें आहे. त्याच प्रसंगाचीं जपानी पत्रकें पाहावीं, तों मल्ल हे राष्ट्राचे द्वारपाल झालेले! १८६१ च्या सुमारास तर एका मल्लानें गोऱ्या माणसाला उचलून आपटल्याचें रंगीत चित्र निघालें. श्रोतेहो, प्रसंग एक, देह तेच, आणि चित्रें दोन. एकांत जनावर, दुसऱ्यांत तारणहार. मला विचाराल तर दोहोंतही खरा मल्ल हरवला आहे. तोफा कोणाच्या दंडांनीं उचलून फेकतां येत नव्हत्या, हें एदोच्या लोकांनाही ठाऊक होतें; चित्रांत मात्र तें विसरतां येत होतें.

परकीयांचें हंसणें जपानी पुढाऱ्यांच्या मनाला किती लागलें, हें पुढील वीस वर्षांत दिसलें. १८७२ सालीं टोकियोंत उघड्या अंगानें वावरण्यास मनाई करणारे नियम झाले. शेंड्या कापण्याचें वारें आलें. सूमो हा रानटी खेळ आहे, तो बंद करावा, असें सुशिक्षित लोक म्हणूं लागले. मल्लांना त्यांचा बुचडा राखूं देण्यांत आला, पण पोट भरणें कठीण झालें. १८८४ सालीं सम्राट मेइजीनें स्वतः कुस्त्या पाहिल्या, तेव्हां हा खेळ तरला, आणि त्या प्रसंगाचींही छापील चित्रें निघालीं. चित्रकार योशितोशि यानें याच दशकांत नोमी नो सुकुने आणि केहाया यांची झुंज पुन्हां चितारली. आपला खेळ आपल्याच लोकांना लाजिरवाणा वाटूं लागला, तेव्हां आद्य पुरुषाची आठवण काढावी लागली.

१९०९ सालीं एको-इनच्या शेजारीं कुस्त्यांसाठीं मोठें बंदिस्त सभागृह झालें आणि उघड्या अंगणांतले फड संपले. पुढें छायाचित्र आलें, आणि चित्रांचें पूर्वींचें काम सरलें. तरी ती कला अजीबात लोपली नाहीं. किनोशिता दाइमोन यांनीं विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हां लांकडी ठशांनीं मल्लांचीं चित्रें छापलीं. टोकियोच्या रयोगोकू भागांत १९८५ सालीं बांधलेल्या सभागृहांत सूमोचें संग्रहालय आहे. साकाइ तादामासा या संग्राहकानें जमविलेलीं चित्रें व वस्तु हें त्याचें भांडवल. तें प्रथम १९५४ सालीं कुरामाए येथें उघडलें होतें.

आतां वेळ संपत आली. पुढेंमागें असें एखादें चित्र आपल्या घरीं आलें, तर मुलांना जवळ घेऊन तें अमुक एका क्रमानें पाहावें, अशी एका जुन्या शिक्षकाची सूचना आहे. आखाड्याच्या चार कोपऱ्यांस खांब असतील, तर तो देखावा १९५२ च्या आधींचा समजावा. त्या वर्षीं खांब काढून छप्पर वरून टांगलें. नंतर पायांचीं बोटें पाहावीं आणि सारा भार कोठें उतरला आहे तें शोधावें. मग चेहरा पाहावा. तो दुसऱ्या कोणाचा नसून त्याचाच आहे. मग कडेला लिहिलेलें नांव कोणाकडून तरी वाचवून घ्यावें आणि एकदां मोठ्यानें उच्चारावें. इतकें सारें झाल्यावर मग पोट पाहावें. त्यानंतरही ज्याला हंसूं येईल त्यानें खुशाल हंसावें. पण तें हंसूं मग पूर्वींचें राहिलेलें नसेल, अशी मला आशा आहे.